हजेरीपुरती व्यसनमुक्ती

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी अमलात आली आणि सार्वजनिक ठिकाणी दारूच्या नशेत गैरवर्तन करणाऱ्यास चोवीस तासांपर्यंतची साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंतचा दंड यांखेरीज समाजसेवेची शिक्षा देण्याची मुभा न्यायालयास मिळाली. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ पासूनच मद्यवर्ज्यतेची अट घालू देतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यान्वये पतीला समुपदेशनास धाडता येते. तेव्हा जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावीही न्यायालयाने उद्या एखाद्या मद्यपीस व्यसनमुक्ती गटाच्या बैठकांना हजर राहण्याचे फर्मावले, तर नवल वाटू नये. हेतू स्तुत्यच आहे. परंतु अशा आदेशाने त्या गटाचे काय होते, याचा विचार क्वचितच होतो.

अमेरिकेत १९३५ साली ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा उगम झाला. सभासदत्वासाठी तेथे दारू सोडण्याची इच्छा ही एकच अट आहे. नाव गुप्त राहते म्हणून माणूस बोलतो; ऐकणाराही त्याच दुःखातून गेलेला असतो, म्हणून ते बोलणे वाया जात नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी उभारलेल्या ‘मुक्तांगण’नेही व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच इतरांचा आधार बनविले. सक्ती आली की नेमकी ही इच्छेची अट डळमळते. येणाऱ्यास पुष्कळदा दारू सोडायची नसते. त्याला कागदावर सही हवी असते.

सॅन दिएगोच्या न्यायालयात यासंबंधी एक प्रयोग झाला. दारूपायी वारंवार पकडल्या गेलेल्या ३०१ जणांपैकी काहींना या बैठका, काहींना दवाखाना नेमून दिला, तर काहींना कोणताच उपचार दिला नाही. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात पुन्हा पकडले गेलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९, ६८ आणि ५६ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक नव्हता. पण सक्तीच्या हजेरीचा लाभही दिसला नाही. उलट २०२० मध्ये २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता, या गटांकडे पद्धतशीरपणे वळविलेले रुग्ण मद्यवर्ज्यतेत अन्य उपचार घेणाऱ्यांच्या मागे नव्हते, पुष्कळदा पुढेच होते. तेव्हा दोष औषधाचा नसून ते पाजण्याच्या रीतीचा असावा, असे मानण्यास जागा आहे.

याचा अर्थ दडपण सर्वस्वी निरुपयोगी असा नव्हे. माहेरी निघून जाण्याचा पत्नीचा निर्धार किंवा नोकरी जाण्याची भीती यांमुळेच अनेक जण पहिली पायरी चढतात. दारापर्यंत ढकलणे निराळे आणि आत बसलेल्यांना पहारेकरी करणे निराळे. जिंतूरसारख्या गावात तर सारेच एकमेकांना ओळखतात. गटाचा कार्यवाह हजेरीपत्रक न्यायालयात पाठवू लागला, की स्वेच्छेने येणारा शिक्षक वा कारकून दुसऱ्या आठवड्यापासून घरीच बसेल. शिवाय दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या मजुराने साप्ताहिक हजेरी द्यावी कशी? त्याची गैरहजेरी हा अपराध मानायचा काय?

शिक्षेच्या जागी उपचार ठेवल्यास उपचाराचीही अप्रतिष्ठा होते. पुण्यात १९ मे २०२४ रोजी भरधाव मोटारीने दोघांचा बळी घेतला. बाल न्याय मंडळाने अल्पवयीन चालकाला जामीन देताना ३०० शब्दांच्या निबंधाबरोबरच व्यसनमुक्तीसाठी समुपदेशनाची अटही घातली होती. लोकक्षोभात निबंधाची थट्टा झाली आणि समुपदेशनही सवलतीच्या खात्यात जमा झाले.

यास्तव काही पथ्ये पाळणे इष्ट ठरेल. न्यायालयाने आरोपीस प्रथम वैद्यकीय तपासणीस पाठवावे आणि दवाखाना, समुपदेशन वा गट यांतून निवड करू द्यावी. बैठकांत ईश्वराचा उल्लेख असल्याने केवळ त्यांचीच सक्ती करणे धर्मस्वातंत्र्याशी विसंगत ठरते, असे निर्णय अमेरिकेतील वरिष्ठ न्यायालयांनी १९९६ पासून दिले आहेत. देखरेख परिवीक्षा अधिकाऱ्याने करावी. गटाकडून अहवाल मागू नये. पत्नीच्या संरक्षणाचा आदेश पतीच्या हजेरीवर अवलंबून ठेवू नये. पती सुधारो वा न सुधारो, तिचे संरक्षण हे कायद्याचे स्वतंत्र कर्तव्य आहे. न्यायालय मद्यपीस वाट दाखवू शकते. मात्र त्या वाटेवर आधीपासून चालणाऱ्यांचा विश्वास खर्ची घालण्याचा अधिकार त्यास नाही.