लेकरू बोलत नाही? आधी कान तपासा, मग खेळायला बसा

पिंपळगाव रेणुकाई (ता. भोकरदन) : मिरचीची तोडणी सुरू झाली की गावातली घरं सकाळीच रिकामी होतात. आई-वडील शेतात किंवा बाजारात, मोठी भावंडं शाळेत आणि दोन-अडीच वर्षांचं लेकरू आजीजवळ. ते रडायला लागलं की हातात मोबाईल दिला जातो. लेकरू शांत बसतं आणि घरच्यांची कामं होतात. पण काही घरांत नंतर लक्षात येतं की तीन वर्षं होत आली तरी पोरगं 'आई', 'पाणी' यापुढे गेलेलंच नाही.

अशा वेळी पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'याचा बापही उशिराच बोलला होता, बोलेल हळूहळू.' कुणी जीभ जड आहे म्हणतं, कुणी मधातून वेखंड चाटवायला सांगतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं तर धोक्याचंच आहे. आणि या सगळ्यात जातो तो वेळ. मेंदू भाषा सर्वांत झपाट्याने शिकतो ती पहिली काही वर्षंच असतात, त्यामुळे गेलेला वेळ भरून काढणं अवघड होतं.

ढोबळ हिशेब असा. वर्षाच्या आसपास एखाद-दुसरा अर्थाचा शब्द यावा. दोन वर्षांला 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडून यावेत. तीन वर्षांला छोटी वाक्यं यावीत. पोर नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून वस्तू मागत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरत चाललं असेल, तर थांबू नये. सगळ्यात आधी कान तपासून घ्यावेत, कारण ज्याला ऐकू येत नाही त्याला बोलता कसं येणार?

खेळ हाच उपचार कसा?

वाचा उपचार म्हटलं की लोकांना गोळी, इंजेक्शन किंवा यंत्र आठवतं. प्रत्यक्षात लहान मुलांसोबत काम करणारे तज्ज्ञ बऱ्याचदा जमिनीवर चटई टाकून चेंडू, बाहुली, भांडीकुंडी घेऊन बसतात. बाहेर थांबलेल्या पालकांना वाटतं, एवढं भाडं खर्चून आलो आणि हे तर नुसतं खेळतायत! पण उपचार तोच आहे.

बोलणं म्हणजे फक्त शब्द नव्हे. समोरच्याकडे बघणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, नक्कल करणं, हवं ते मागणं, हे सगळं शब्दांच्या आधी यावं लागतं. चेंडू तुझ्याकडे, मग माझ्याकडे, यात पाळी शिकली जाते. पदराआड लपून 'भॉ' केलं की लेकरू चेहऱ्याकडे बघतं आणि पुढच्या वेळेची वाट पाहतं. भातुकलीत 'चहा घे', 'भाकरी दे' असं शंभरदा येतं. 'बोल, बोल' म्हणून दटावलं तर पोर गप्प होतं, खेळात मात्र त्याला बोलायचं कारण मिळतं.

मोबाईल इथेच कमी पडतो. तो बोलत राहतो, पण लेकराच्या उत्तरासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या बाळांना स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कमी तितका बरा.

योजना आहे, पाठपुरावा कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्याची सुरुवात आपल्याच राज्यातल्या पालघरहून झाली. त्यात पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करायची असते. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता यांसोबत वाढीतला विलंबही त्यात येतो. पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही श्रवणदोष, वाचा व भाषा दोष आणि स्वमग्नता यांचा समावेश आहे.

अडचण चिठ्ठी मिळाल्यानंतर सुरू होते. वाचा उपचार एका फेरीत संपत नाही, महिनोन्‌महिने जावं लागतं. भोकरदनच्या टोकाच्या गावातून जालन्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, वर दोघांचं भाडं. तोडणीच्या हंगामात दोन फेऱ्या चुकल्या की तिसरी होतच नाही.

म्हणूनच घरचा आणि अंगणवाडीचा खेळ महत्त्वाचा. आठवड्यातून एकदा तज्ज्ञ अर्धा-पाऊण तास भेटणार, बाकी सगळा वेळ पोर घरीच असतं. तज्ज्ञाने दाखवलेला खेळ आजीने ओसरीवर रोज खेळला, तरच गुण येतो. हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत गावच्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली, तेव्हा दगड, पानं, शिंपले हीच खेळणी होती. केंद्राने २०२३ मध्ये आणलेल्या 'पोषण भी पढाई भी' उपक्रमातही अंगणवाडीत खेळातून शिकवण्यावरच भर आहे. पण खिचडी, वजन, रजिस्टर आणि मोबाईलवरची माहिती यातून सेविकेला एका गप्प पोरासोबत बसायला किती वेळ उरतो, हाही प्रश्न आहे.

गावाला काय करता येईल?

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. उपचाराचा प्रवास आणि अंगणवाडीतली खेळणी यासाठी ग्रामसभेत मागणी करता येते. तपासणी पथक कधी येणार, हे आशाताईंना विचारून ठेवावं. पोर शाळेत जात असेल तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटावं.

घरी रोज अर्धा तास पुरे. मोबाईल बाजूला ठेवून लेकरासमोर खाली बसायचं. वस्तू लगेच हातात न देता 'केळं की बिस्कीट?' असं विचारून मनात पाच आकडे मोजायचे. ते 'गाय' म्हणालं तर आपण 'गाय चारा खाते' म्हणायचं. चुकलं तर हसायचं नाही.

एवढ्याने प्रत्येक पोर बोलेलच, अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. ऐकण्याचा दोष किंवा स्वमग्नता असेल तर तज्ज्ञ लागणारच. पण 'बोलेल हळूहळू' म्हणत वर्ष घालवण्यापेक्षा या आठवड्यात कान तपासणं आणि आज संध्याकाळी ओसरीवर चेंडू टाकणं, हे कोणत्याही घराला परवडणारं आहे.