क्वाय नदीवरचा पूल : काम चोख, पण कोणासाठी?



युद्धकैद्यांवरचा सिनेमा म्हटलं की आठवतं ते पलायन. भुयार खणायचं, खोटी कागदपत्रं बनवायची, पहारेकऱ्यांना चकवायचं. १९६३ चा 'द ग्रेट एस्केप' बहुतेकांनी पाहिलेला असतोच. आज ज्या सिनेमाबद्दल लिहितोय त्यातले कैदी मात्र (एक शिअर्स सोडला तर) पळत नाहीत, काम करतात. आणि इतकं झकास काम करतात की खरा घोळ तिथूनच सुरू होतो.

सिनेमा अर्थातच डेव्हिड लीनचा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय', साल १९५७. सात ऑस्कर आणि शिट्टीवर वाजणारं ते 'कर्नल बोगी' मार्च. पुढे शेवटही सांगणार आहे, तेव्हा पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून घ्या. पावणेतीन तास सार्थकी लागतील.

गोष्ट थोडक्यात अशी. १९४३ साल. थायलंड ते ब्रह्मदेश रेल्वेसाठी जपानी लष्कर युद्धकैद्यांकडून पूल बांधून घेतंय. छावणीचा प्रमुख कर्नल सायटो (सेसू हायाकावा) फर्मावतो की अधिकाऱ्यांनीही हातात कुदळ-फावडं घ्यायचं. ब्रिटिश कर्नल निकल्सन (ॲलेक गिनेस) जिनिव्हा कराराचं पुस्तक पुढे करतो. अधिकाऱ्यांकडून अंगमेहनतीचं काम करून घेता येणार नाही, म्हणजे नाही. सायटो तेच पुस्तक त्याच्या तोंडावर मारतो आणि त्याला उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या खुराड्यात कोंडतो. बाहेर सैनिक मुद्दाम वाईट काम करतात, पूल पुढे सरकत नाही आणि तारीख जवळ येते. शेवटी सायटोच नमतो.

इथे आपण टाळ्या वाजवतो. सिनेमा मात्र आत्ता कुठे सुरू झालेला असतो.

निकल्सन बाहेर येऊन कामाची पाहणी करतो. शिस्त बिघडलीय, माणसं आळसावलीत. त्याला वाटतं, ह्यांना सैनिक म्हणून टिकवायचं तर अभिमान वाटेल असं काम द्यायला हवं. विचार चुकीचा आहे का? मुळीच नाही. मग तो आपल्या इंजिनियरला, कॅप्टन रीव्ह्जला विचारतो. (हे महाशय भारतात पूल बांधून आलेले, बरं का.) रीव्ह्ज सांगतो की पुलाची जागाच चुकली आहे, खाली नुसता चिखल आहे. हेही बरोबर. जागा बदलते, आराखडा बदलतो, कामाची वाटणी नव्याने होते. ती बैठक कुठल्याही प्रोजेक्टच्या किक-ऑफ मीटिंगसारखी आहे. फरक एवढाच की क्लायंट शत्रू आहे, आणि आपल्याच प्रोजेक्टची सूत्रं हातातून जाताना तो गप्प बसून बघतोय :-)

डॉक्टर क्लिप्टन एकटा विचारतो की ह्याला शत्रूला मदत करणं म्हणत नाहीत का? निकल्सन उलट विचारतो, तुला सायटोचं ऑपरेशन करावं लागलं तर मन लावून करशील की त्याला मरू देशील? क्लिप्टनकडे उत्तर नसतं. मला वाटतं सिनेमाची सगळी ताकद इथे आहे. निकल्सन मूर्ख नाही, गद्दार तर नाहीच. त्याची प्रत्येक पायरी सुटी पाहिली तर योग्य आहे. चढत चढत तो पोचतो कुठे? तारीख गाठण्यासाठी तो आपल्या अधिकाऱ्यांना स्वतःहून मजुरी करायला लावतो. आजाऱ्यांच्या खोपटात जाऊन कोण हलकं काम करू शकेल ते बघतो. ज्या गोष्टीसाठी तो खुराड्यात मरायला तयार होता, तीच आता तो आपण होऊन करतो, आणि हे त्याच्या लक्षातही येत नाही.

पूल पुरा झाल्यावर संध्याकाळी तो कठड्याशी उभा राहून सायटोशी बोलतो. अठ्ठावीस वर्षं नोकरीत गेली, त्यात घरी जेमतेम दहा महिने. भारत फार आवडला. पण माणूस कधीतरी हिशेब मांडतो की आपण होतो म्हणून काय फरक पडला? परदेशात उमेदीची वर्षं घालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रसंग जरा जास्तच लागतो. त्या प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर असतं, पायाखालचा पूल. म्हणूनच दुसऱ्या दिवशी सुरुंगाची तार दिसते तेव्हा तो पूल वाचवायला धावतो आणि आपल्याच माणसांच्या मरणाला कारण होतो. आपण काय करून बसलो हे कळतं तेव्हा सगळं संपलेलं असतं.

मूळ कादंबरी (१९५२) पिएर बूल ह्या फ्रेंच लेखकाची. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' लिहिणारा तो हाच. शिक्षणाने इंजिनियर, मलायात रबराच्या मळ्यांवर नोकरीला. युद्धात तो पकडला गेला तो जपान्यांच्या नव्हे, इंडोचायनातल्या विशी राजवटीच्या, म्हणजे आपल्याच फ्रेंच लोकांच्या हाती. शत्रूशी जुळवून घेणारी सरळमार्गी माणसं त्याने जवळून पाहिली होती. त्याच्या कादंबरीत पूल शेवटी उभाच राहतो. तो उडवला सिनेमाने.

आता खऱ्या पुलाबद्दल. टामार्कानच्या छावणीतले वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी लेफ्टनंट कर्नल फिलिप टूसी ह्यांनीही शिस्त राखली, जपान्यांशी वाटाघाटी केल्या, काम करून दिलं. पण त्यांच्या माणसांनी वाळवी गोळा करून लाकडी पुलात सोडली आणि काँक्रीट मुद्दाम कच्चं कालवलं. टूसींना पूल नको होता, माणसं जिवंत हवी होती. वरवर बघितलं तर दोघे कर्नल सारखेच वागत होते. निकल्सन मोजत होता पुलाचे खांब, टूसी मोजत होते आपली माणसं. सिनेमा आल्यावर त्या रेल्वेवर राबलेले अनेक माजी कैदी चिडले, ते उगीच नाही. शिवाय सिनेमातले जपानी इंजिनियर बिनडोक वाटतात, प्रत्यक्षात ४१५ किलोमीटरची ती रेल्वे त्यांनीच आखली होती.

आणि ज्यांना कोणीच मोजलं नाही असेही होते. रेल्वेवर ६०,००० च्या वर युद्धकैदी राबले, त्यातले १२,००० हून अधिक मेले. त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होते आशियाई मजूर: ब्रह्मी, जावाचे, मलायातले आणि रबराच्या मळ्यांवरून नेलेले हजारो तमिळ. त्यांच्या मृतांचा अंदाज ९०,००० च्या आसपास सांगतात. अंदाजच, कारण नोंदी कोणी नीट ठेवल्याच नाहीत. कांचनाबुरीच्या युद्ध स्मशानभूमीत सुमारे ७,००० सैनिकांची थडगी आहेत, ओळीने, निगा राखलेली. तमिळ मजुरांच्या वाट्याला तशी थडगी आली नाहीत, आणि पावणेतीन तासांच्या सिनेमात त्यांची गोष्टही नाही. आपल्याआधी पोटासाठी समुद्र ओलांडून गेलेली ही माणसं. परदेशस्थ भारतीयांचा इतिहास सांगताना आपण बहुधा स्वतःपासून सुरुवात करतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

काम चोख करावं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय आणि ते बरोबरच आहे. डिझाइन रिव्ह्यूत आपण विचारतो की भार पेलेल का, वेळेत होईल का, खर्च किती. ह्या पुलावरून कोण जाणार आणि कुठे, हा प्रश्न अजेंड्यावर सहसा नसतो. तो क्लिप्टनसारखा कोणीतरी अवेळी विचारतो, आणि आपण त्याला हुशारीने गप्प करतो. तो क्लिप्टन टीममध्ये असू द्यावा, एवढंच.