गावाकडच्या घराचे वायरिंग करून घेताना

रायपूरहून धमतरीच्या रस्त्याला लागले की तासाभराच्या आत अभनपूर येते. इथूनच राजीमचा रस्ता फुटतो. पूर्वी या भागात नॅरोगेजची छोटी गाडी धावत असे. 2025 मध्ये रायपूर ते अभनपूर ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. नवा रायपूरही जवळ आला. त्यामुळे शहरात नोकरी आणि या बाजूला वडिलोपार्जित शेत-घर, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांचे गावाकडे येणे-जाणे वाढले आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात मराठी घराणी आहेत. त्यांतल्या अनेकांच्या घरी सध्या एकच चर्चा असते : आईबाबांना गावीच राहायचे आहे, तर निदान घर तरी नीट करून द्यावे.

नीट करून द्यायचे म्हणजे काय? फ्रिज हवा, दोन कूलर हवेत, विहिरीवर किंवा बोअरवर मोटर हवी, एखाद्या खोलीत एसी. आणि हे सारे ज्या वायरिंगवर चालायचे ते बहुतेक घरांत एका बल्बसाठी झालेले असते. अविभाजित मध्य प्रदेशाच्या काळात गरीब घरांना ‘एकल बत्ती’ जोडणी मिळे. 2017 च्या सौभाग्य योजनेतही घरात मीटर आले ते एक-दोन दिव्यांपुरतेच. पुढे गरजेप्रमाणे कोणी ओसरीत बटण काढले, कोणी गोठ्यापर्यंत तार ओढली. जुन्या वाड्यात लाकडी पट्टीवरची अॅल्युमिनिअमची तार असते, तिला नव्या खोलीची तांब्याची तार पिळून जोडलेली असते. या दोन धातूंचा सांधा कालांतराने सैल होतो, तापतो आणि टेपच्या आत काळा पडत राहतो. वरून काही दिसत नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो, मग बदलायचे कशाला, असे सासऱ्यांचे म्हणणे असते.

वायरमन बोलावला जातो. तो घरभर फिरतो, बोटे मोजतो आणि सांगतो, ‘‘भैया, बाईस पॉइंट होंगे.’’ मजुरी पॉइंटला इतकी. मालक थोडी घासाघीस करतो, पाच-दहा रुपये कमी होतात आणि काम ठरते. देशभर असेच ठरते. गैरसमज इथेच होतो.

पॉइंट म्हणजे भिंतीवर दिसणारी वस्तू : बटण, होल्डर, सॉकेट. मजुरी तिच्यावर ठरली की वायरमनचे लक्षही तिच्यावरच राहणार, त्यात त्याचा दोष नाही. जे दिसत नाही त्याला दर नाही. भिंतीतली तार किती जाड, सांधे कसे मारले, अर्थिंगचा खड्डा किती खोल, याचे पैसे कुणी ठरवलेलेच नसतात. घासाघीस जितकी अधिक, तितकी काटछाट या न दिसणाऱ्या भागात.

अर्थिंगचेच पाहा. रायपूरच्या बाजूला मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. घरोघर पत्र्याचे कूलर सुरू होतात. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र आलेली दुसरी कोणतीही वस्तू घरात इतके तास चालत नाही. दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणूस गेल्याच्या बातम्या येतात. पाणी भरायला गेलेली सून असते, किंवा गार हवेसाठी जाळीला चिकटून उभे राहिलेले लेकरू. अशा बातमीनंतर लोक कूलरच्या कंपनीला दोष देतात. त्या घरात अर्थिंग होते का, हे क्वचितच कुणी विचारते.

बरे, ‘अर्थिंग आहे’ एवढ्यानेही भागत नाही. मोटरीची तार पत्र्याला टेकली तर वीज अर्थिंगच्या वाटेने जमिनीत जाते, हे खरे. पण किती जाते? जमिनीचा विरोध 50 ओहम असला तर 230 व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास. बोर्डावरचा एमसीबी 16 अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने काही घडलेलेच नाही. तो पडत नाही आणि कूलरचा पत्रा जिवंत राहतो. एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसासाठी वेगळे उपकरण आहे, आरसीसीबी. गेलेली आणि परत आलेली वीज यांत 30 मिलिअँपिअरचा, म्हणजे 0.03 अँपिअरचा फरक पडला की ते डोळ्याचे पाते लवण्याआधी वीज तोडते. गावच्या घरात, जिथे जमिनीचा भरवसा नाही, तिथे ते चैनीचे समजू नये. एसी एक वर्ष उशिरा आला तरी चालेल.

जमिनीचा भरवसा का नाही, हे या भागातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. एकाच गावात कन्हार असते आणि भाठाही. कन्हार म्हणजे काळी, ओल धरणारी. भाठा म्हणजे मुरमाड, लाल, पाणी न टिकणारी. गावची वस्ती बहुधा भाठ्यावर, कारण चांगली जमीन धानाला. म्हणजे अर्थिंगला सर्वांत वाईट जमीन घराच्याच वाट्याला येते. वायरमनला याची जाण आहे का, हे एका प्रश्नात कळते : ‘‘भैया, अर्थिंग कहाँ करोगे?’’ जो मीटरखाली हातभर लोखंडी सळई ठोकायची म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा. जो मोरीचे किंवा हँडपंपाचे पाणी कुठे जाते ते विचारतो, भिंतीपासून दीड मीटर तरी दूर जागा पाहतो आणि अडीच मीटरच्या जीआय पाइपसाठी खड्डा, कोळसा आणि मीठ यांची गोष्ट काढतो, त्याला काम कळते.

आणखी एक खोड विचारून घ्यावी लागते. काही जण तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची तार ओढतच नाहीत. न्यूट्रल, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘ठंडा तार’, अर्थच्या खुंटीला जोडून देतात. टेस्टरने पाहिले तर सारे ठीक वाटते. पण वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला, आणि खेड्यात तो तुटतोच, की फ्रिजपासून मिक्सरपर्यंत प्रत्येक धातूच्या वस्तूत वीज उतरते. हे काम करणाराच बहुधा आरसीसीबीच्या विरोधात असतो. ‘‘वो बार-बार गिरेगा, दीदी, परेशान हो जाओगे,’’ असे तो सांगतो. त्याच्या वायरिंगवर ते पडणारच, कारण कुठलाही न्यूट्रल कुठेही जोडलेला असतो. आरसीसीबी वारंवार पडत असेल तर दोष शोधायचा असतो, आरसीसीबी काढून टाकायचा नसतो.

आता माणूस शोधायचा कुठे? गावात पहिले नाव निघते ते वीज कंपनीच्या लाइनमनचे. तो ओळखीचा असतो, सणावाराला येतो. पण त्याचे काम खांबापासून मीटरपर्यंत. घरातल्या वायरिंगचे शिक्षण आणि अनुभव त्याला असेलच असे नाही. आणि उलट, घरातल्या वायरमनने खांबावर चढणे म्हणजे जिवाशी खेळ. दोघांच्या हद्दी वेगळ्या ठेवाव्यात. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेली मुले आता अभनपूरसारख्या ठिकाणीही भेटतात. प्रमाणपत्र पाहायला संकोच वाटू देऊ नये. डॉक्टरची पाटी आपण वाचतोच.

कायद्याची अपेक्षा याहून जास्त आहे. 1956 च्या नियमांपासून ते 2010 व 2023 च्या नियमांपर्यंत एक गोष्ट कायम आहे : दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यापलीकडचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हायला हवे. वीजभार वाढवून घेताना ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट मागतात तो याचसाठी. दुर्दैवाने ही सही पुष्कळदा घर न पाहताच मिळते. दोन-चारशे रुपये टाकले की कागद तयार. पैसे वाचल्याचा आनंद घरमालकालाच अधिक होतो. खरे म्हणजे त्याच पैशांत त्या माणसाला घरी बोलवावे आणि मेगर लावून तारांचे इन्सुलेशन मोजायला सांगावे. आकडा एक मेगओहमपेक्षा कमी आला तर कुठे तरी तार सोललेली आहे किंवा ओल शिरली आहे. कवेलूच्या घरात, जिथे पावसाळ्यात छत गळते आणि उंदरांना तारेची चव कळलेली असते, तिथे ही मोजणी करून घ्यावीच.

भाराचा हिशेब मात्र घरातल्या बाईनेच करावा, कारण कोणत्या वेळी काय चालते ते तिलाच ठाऊक असते. पाच पंखे पावणेचारशे वॅट, दहा एलईडी दिवे नव्वद, फ्रिज दोनशे, टीव्ही शंभर, दोन कूलर चारशे, मिक्सर पाचशे, इस्त्री हजार, एक अश्वशक्तीची मोटर साधारण हजार. बेरीज 3,665 वॅट, म्हणजे जवळजवळ 16 अँपिअर. दीड टनाचा एसी आला की आणखी दीड हजारावर वॅट. हा कागद वायरमनच्या हाती दिला की बोलणे लगेच जमिनीवर येते. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, मोठ्या सॉकेटला अडीच, एसी-गिझरला चार, मीटरपासून बोर्डापर्यंत सहा किंवा भारानुसार अधिक. मोटरीची लाइन वेगळी, तिच्यावर दुसरे काही नको. माल घरमालकाने स्वतः आणावा. तारेच्या बंडलवर आयएसआय खूण आणि 90 मीटर लांबी पाहून, पक्क्या बिलावर.

शेतीपंपाच्या जोडणीवरून घरात तार आणण्याचा सल्लाही कुणी तरी देईलच. पंपाच्या विजेला सवलत असते, मग काय हरकत? 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 प्रमाणे मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कामाला वीज वापरणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि वाढीव दराने वसुली होते. शिवाय पंपाची लाइन केव्हा जाईल नि केव्हा येईल याचा नेम नसतो.

कामाचा हंगामही पाहावा. धान घरात आले की माघापर्यंत चांगला वायरमन मिळतो. अक्ती, म्हणजे आपली अक्षय तृतीया, जवळ आली की तो लग्नाच्या मांडवात माळा लावण्यात गुंततो आणि हाताखालच्या पोराला पाठवून देतो. पण थंडीत केलेल्या अर्थिंगला एक मेख आहे. तेव्हा जमीन ओली असते, मोजणी सुरेख येते. मे महिन्यात, जेव्हा कूलर चालू असतो, तेव्हा तोच भाठा हाडासारखा कोरडा असतो. म्हणून ठरवतानाच सांगून टाकावे : ‘‘भैया, मई में एक बार आकर फिर नापना, थोड़ा पैसा उसी दिन देंगे.’’ चांगला कारागीर याला रागावत नाही. अर्थिंगच्या पाइपच्या तोंडाशी फनेल बसवून घ्यावे आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतण्याचे काम घरातल्या कुणा एकाकडे सोपवावे. आजोबांना असे काम आवडते.

काम चालू असताना घरचे कुणी तरी हजर हवे. प्लास्टरने नळ्या झाकण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढे खिळा ठोकताना तो उपयोगी पडतो. भिंतीतल्या नळीत तारेला सांधा नको, सांधा फक्त जंक्शन बॉक्समध्ये. हिरवी तार प्रत्येक सॉकेटपर्यंत पोचली का, ते झाकण लावण्यापूर्वी बघावे. बाडीतला दिवा, गोठ्याची लाइन आणि कपडे वाळत घालायची तार यांची गाठ कुठेही पडता कामा नये. लोखंडी तारेच्या ओल्या वलणीवर वीज उतरून मायलेकी गेल्याचे प्रकार खेड्यांत घडलेले आहेत. तिथे नायलॉनची दोरी बरी. गोठ्यात जास्तच जपावे. चार पायांमधले अंतर मोठे असल्यामुळे जमिनीत उतरलेली थोडी वीजही जनावराला भोवते.

शेवटच्या दिवशी वायरमनने बोर्ड उघडून घरच्या बाईला समजावून द्यावे, हे मजुरीतच धरलेले असावे. कोणता एमसीबी कशाचा, ते त्याच्याकडूनच कागदावर लिहून घ्यावे आणि बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावे. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे, घरातली वीज गेली पाहिजे. ते बटण सासूबाईंच्या हाताने एकदा दाबून घ्यावे, म्हणजे पुढे मुले-सुना रायपूरला असताना त्यांना भीती वाटणार नाही.