मोकळी जागा म्हणजे हिरवी जागा नव्हे

नव्या इमारतींच्या जाहिरातीत हल्ली ‘ग्रीन बिल्डिंग’ हा शब्द दिसतो. तो नुसता मानाचा शब्द नाही. महाराष्ट्राच्या 2020च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत ग्रिहा, आयजीबीसी किंवा लीड यांचे मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला दर्जानुसार मूळ चटई क्षेत्रावर 3, 5 किंवा 7 टक्के जादा बांधकामाची सवलत आहे. ही नियमावली आपल्या गडचिरोलीलाही लागू आहे. शब्दाला अशी किंमत आली की त्याची व्याख्या तपासणे हे भाषेच्या शिक्षकाचेही काम होते.

लीडच्या चौथ्या आवृत्तीत मोकळ्या जागेसाठी एक गुण आहे. भूखंडाचा निदान 30 टक्के भाग मोकळा हवा आणि त्या मोकळ्या भागाच्या 25 टक्के जागेत झाडेझुडपे हवीत. 4000 चौरस मीटरच्या भूखंडाचा हिशेब करा. मोकळी जागा 1200, त्यात हिरवी 300. म्हणजे एकूण जमिनीच्या फक्त साडेसात टक्के. बाकीच्या जागेत लोकांच्या वावरासाठी गट्टू बसवले तरी चालतात.

इमारतीने व्यापलेल्या जमिनीचेही तसेच. लीडमध्ये त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. एकात फक्त इमारतीच्या नकाशाची कड मोजतात, वाहनतळ धरत नाहीत. दुसऱ्यात रस्ते, वाहनतळ आणि पाणी न मुरणारी सगळी जमीन येते. जाहिरातीत पहिला आकडा सांगितला की इमारत लहान दिसते. पावसाच्या पाण्याला मात्र दुसराच आकडा कळतो.

मशिदीचा सहन आभाळाला मोकळा असतो. तिथे सफा लागतात, म्हणून फरशी हवीच. पण सहन वेगळा आणि चमन वेगळा, हे उर्दू बोलणाऱ्याला सांगावे लागत नाही. आपल्या झाडीपट्टीतही हिरवळ आणि झाडी यांत कोणी गल्लत करत नाही. लीडनेही त्या 25 टक्क्यांत नुसते लॉन धरलेले नाही, हे बरे केले.

काही जण म्हणतात, जिल्हाभर जंगल असताना आवारात झाडांचा आग्रह कशाला? पण एटापल्लीच्या जंगलाची सावली गडचिरोलीच्या शाळेच्या आवारात पडत नाही. शेजारच्या चंद्रपुरात पारा 46च्या वर जातो, तेव्हा सिमेंटचे आवार रात्रीही तापलेले असते.

मानांकन वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. त्यातले पाणी आणि विजेचे निकष उपयोगी आहेत. मागणी एवढीच आहे की शाळा असो, शादीखाना असो की सरकारी कचेरी, बांधकामाच्या फलकावर तीन आकडे वेगवेगळे लिहावेत: जोते किती, फरशी-सिमेंटने झाकलेली जमीन किती आणि झाडांना सोडलेली माती किती. सवलत द्यायची तर तिसरा आकडा पाहून द्यावी.