वाढणे आणि वाढवणे

आपल्या वार्षिकांकाचे जुने अंक चाळले तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. 'आई' या विषयावर लेख किंवा कविता नाही असा अंक मिळणे कठीण. या लेखांतील आई पहाटे उठते, सर्वांच्या शेवटी जेवते, चंदनासारखी झिजते आणि कधी तक्रार करीत नाही. लेखक शेवटी तिच्या चरणी नतमस्तक होतो. मी स्वतः अकरावीत असताना असा एक निबंध लिहिला होता आणि त्याला वर्गात टाळ्याही मिळाल्या होत्या. घरी येऊन तो मी आईला वाचून दाखवला. ती त्या वेळी भाकरी थापत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "ब्येस लिवलायस. आता तेवढं ताट घे आणि जेवून घे, मला भांडी घासायची हाईत."

त्या वाक्यातला विनोद मला तेव्हा कळला नाही. चंदन झिजते हे आपण सारेच लिहितो, पण चंदन आपोआप झिजत नाही, त्याला सहाण लागते. आमच्या घरातील सहाण म्हणजे आम्ही तिघे भाऊ.

आम्ही पेठेत राहतो. दोन खोल्या, पुढे अरुंद सोपा आणि मागे न्हाणी. वडील उद्यमनगरात फौंड्रीत कामाला. मी थोरला, मधला फुटबॉलच्या नादी लागलेला, धाकटा शाळेत. नळाला पाणी पहाटे येते. ते भरण्यापासून आईचा दिवस सुरू होतो. वडिलांची पहिली पाळी असली की त्यांचा डबा, मग धाकट्याचा डबा, मग आमचा चहा, मग मधल्याचे चिखलाने बरबटलेले मोजे. हे मोजे हा आमच्या घरातील एक स्वतंत्र अध्याय आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ पेठेसारखी राहत नाही, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. गोल झाला की गल्लीत फटाके उडतात, गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतात. ते मोजे दुसऱ्या दिवशी पांढरे कसे होतात हा प्रश्न खांद्यावर घेणाऱ्यांपैकी कोणालाही पडत नाही. मलाही पडला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आई न्हाणीत शेवाळावरून घसरली आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी हात हलवायचा नाही म्हणून बजावले. संध्याकाळी शेजारच्या काकू पाहायला आल्या. आईच्या हाताकडे पाहिले, आम्हा तिघांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "एखादी पोरगी असायला पाहिजे होती गं तुला." आईने मान डोलावली आणि सुस्कारा सोडला. "तीन पोरं हाईत, पन तांब्याभर पानी द्यायला एक पोरगी न्हाई."

तिघे तिथेच उभे होतो. एकवीस, अठरा आणि चौदा वर्षांचे. सहा हात, सगळे धडधाकट. बाहेर पाणी भरलेले पिंप होते आणि फळीवर तांब्या होता. तरीही तिला पाणी देणारे कोणी नाही असे तिला वाटले, आणि काकूंना ते पटले, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हालाही त्यात काही चूक दिसली नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ते वाक्य बोचू लागले. आईने आम्हाला नालायक म्हटले असते तर राग आला असता. तिने आम्हाला हिशेबातच धरले नव्हते.

पहिले चार दिवस खानावळीचा डबा आणला. पाचव्या दिवशी वडिलांनी पैशांचा हिशेब केला आणि डबा बंद झाला. कागलहून मावशी यायला निघाली होती, कारण 'घरात बाईमाणूस नाही'. आई खाटेवर बसलेली असूनही घरात बाईमाणूस नाही! म्हणजे बाईमाणूस हे माणसाचे नाव नसून दोन हातांचे नाव आहे. मावशीच्या घरी जनावरे होती, तिला फार दिवस राहणे जमले नाही. मग आम्हीच परात पुढे ओढली.

भाकरी हा विषय ज्याने पुस्तकात वाचला आहे त्याला ती सोपी वाटते. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा मुळातच कमी, तो राखावा लागतो. माझी पहिली भाकरी उचलताना तीन ठिकाणी फाटली. आईने खाटेवरून सांगितले, "पीठ जुनं हाय, विरी गेलीया त्येची. कढत पानी घाल." विरी हा शब्द मी मराठी विषय घेऊन बी. ए. करीत असूनही प्रथमच ऐकला. पाणी किती कढत, पीठ किती मळायचे, तवा किती तापला म्हणजे भाकरी टाकायची, वरून पाणी कधी फिरवायचे, ती कोणत्या क्षणी उलटायची. यातले काहीच कोठे लिहिलेले नव्हते. ते सारे तिच्या हातात होते आणि हात प्लास्टरमध्ये होता. तिला ते शब्दांत सांगताना फार कष्ट पडत. पंधराव्या दिवशी मधल्याची एक भाकरी फुगली तेव्हा गोल झाल्यासारखा आरडाओरडा झाला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुलगा वाढवणे आणि मुलाला वाढणे या दोन क्रिया आपल्या घरांतून एकच समजल्या जातात. ताटात वाढत राहिले की पोरगा वाढतो. तो वाढतोही, उंचीने. परंतु आपले जेवण आपणच रांधायचे असते, आपले ताट कोणीतरी घासते, मोजे आपोआप पांढरे होत नाहीत, हे ज्ञान त्याला वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत होत नाही. मग त्याचे लग्न होते आणि वाढणारी बदलते.

कोणी म्हणेल, हे एकट्या तुमच्या घरचे रडगाणे आहे. तसे नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची ही मोजणी. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात बिनमोबदल्याचे घरकाम करीत होत्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे करीत होते त्यांच्यातही स्त्रीला रोज २९९ मिनिटे लागत, पुरुषाला ९७. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा स्त्रियांचे २८९ झाले आणि पुरुषांचे ८८. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली हे चांगलेच, पण ती पुरुषांनी उचलली नाहीत एवढे त्यावरून दिसते. त्यांनी स्वतःचीही नऊ वाचवली.

आमच्या शहरापुरते बोलायचे तर येथे एक आक्षेप हमखास येतो. कोल्हापूर हे पैलवानांचे गाव. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले, ते १९१२ साली पुरे झाले, आणि तेव्हापासून मर्दपणाची व्याख्या आम्ही तेथे शोधतो. अशा गावात पोराच्या हातात लाटणे द्यायचे म्हणजे काय, असे माझा एक मित्र तावातावाने म्हणाला. त्याला मी तालमीत घेऊन गेलो. तालमीत राहणारी खेड्यापाड्यांतील पोरे आपला स्वयंपाक आपणच करतात. थंडाईसाठी बदाम आपणच वाटतात, आखाड्याची माती आपणच खणतात, लंगोट आपणच धुतात. वस्तादाच्या धाकाने म्हणा, गरजेने म्हणा, पण करतात, आणि त्यात कोणाची मर्दुमकी कमी झाल्याचे ऐकिवात नाही. तोच पैलवान जत्रेला घरी गेला की मात्र जेवलेले ताट जागेवर सोडून उठतो. म्हणजे अडचण कामाची नाही. घरात आई आहे ही अडचण आहे.

आणि येथे आईला थोडा दोष देणे मला भाग आहे. प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातातून परात काढून घेतली. "ऱ्हाऊ दे, तू अब्यास कर." हात अजून वाकत नव्हता तरी ती थापू लागली. मी हट्ट धरला तर चिडली. पुढे एकदा मधला चुलीपुढे, म्हणजे शेगडीपुढे (आमच्याकडे अजून चूलच म्हणतात), बसला असताना त्याचे संघातील दोन मित्र दारात आले. आईने आतले दार हळूच लोटून घेतले. मित्र गेल्यावर मी विचारले, का लोटलेस? म्हणाली, "बगनारा काय म्हनंल? आई हाय न्हवं घरात?" तिला पोराची लाज वाटत नव्हती. पोरगा भाकरी करतो याचा अर्थ आई कमी पडली असा होतो, ही तिची भीती होती. ही भीती तिच्या मनात आपणच घातली आहे, आणि 'चंदनासारखी झिजते' असे लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनी त्यात भरच घातली आहे. झिजणे हाच जिचा गौरव, ती झिजणे सोडील कशी?

तिला त्यातच आनंद मिळतो, असे आमचे काही प्राध्यापकही म्हणतात. मिळत असेल. पण दुसरा आनंद तिला मिळून पाहिला आहे कोणी? त्या सहा आठवड्यांत मी पाहिला. आई लग्नापूर्वी दहावीपर्यंत शिकलेली. दुपारी नुसते बसून कंटाळली तेव्हा मी करवीर नगर वाचन मंदिरातून तिला पुस्तके आणून दिली. १८५० साली स्थापन झालेले हे ग्रंथालय आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि लग्न होऊन बावीस वर्षांत तिने त्याची पायरी चढली नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तिने डाव्या हाताने पाने उलटीत वाचली. मध्येच एकटीच मोठ्याने हसे. आई मोठ्याने हसते हे धाकट्याला नवीनच होते. तो दोनदा आत जाऊन पाहून आला. प्लास्टर निघाले आणि तिसरे पुस्तक अर्धेच परत गेले.

आई म्हटले की ज्या पुस्तकाचे नाव निघते ते साने गुरुजींचे 'श्यामची आई' मी त्याच सुमारास पुन्हा वाचले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ साली काढलेल्या चित्रपटाने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले. पुस्तक वाचून महाराष्ट्र रडला हे सर्वांना ठाऊक आहे. पण रडताना डोळ्यांपुढचे अक्षर अंधुक होते, त्यामुळे एक गोष्ट वाचायची राहून गेली असावी असे मला वाटते. पुस्तकाच्या आरंभीच वटसावित्रीच्या व्रताची गोष्ट आहे. आई आजारी, वडाला प्रदक्षिणा घालण्याची तिच्यात ताकद नाही. ती श्यामला माझ्याऐवजी तू घाल म्हणते. बायकांचे व्रत, पोरे हसतील म्हणून श्याम लाजतो. आई त्याची लाज मोडून काढते आणि त्याला वडाकडे पाठवते. दार लोटून घेत नाही! शिवाय पुढे त्याला पत्रावळ लावायलाही शिकावे लागते. म्हणजे ज्या आईला आपण त्यागाची मूर्ती म्हणून मखरात बसवले, तिचे पोर वाढवणे हे बरेचसे पोराला कामाला लावणे होते. हे सोडून आपण तिचे अश्रू तेवढे उचलले.

असो. इतिहासातही हाच प्रकार. कावळा नाक्यावर महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा आहे. १७०० साली राजाराम महाराज वारले तेव्हा त्यांचा मुलगा सुमारे चार वर्षांचा होता आणि राज्याची सूत्रे ताराबाईंनी हाती घेतली. मोगलांशी झुंजणाऱ्या त्या बाईच्या चार वर्षांच्या पोराला रोज भरवले कोणी, न्हाऊ कोणी घातले? कोणीतरी घातलेच असणार. बखरीत त्याला जागा नाही.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया म्हणजे थोडा नव्हे. पोराला ताट उचलायला न शिकवणाऱ्या घरालाही असाच दंड असता तर आमच्या गल्लीतून बरीच वसुली झाली असती, आणि पहिली पावती आमच्या वडिलांच्या नावे फाटली असती. वडील हे वाचतील. रागावणार नाहीत, कारण सध्या रविवारचा चहा तेच करतात आणि त्याबद्दल आठवडाभर बोलतात.

आज आमच्या घरी सगळे बदलले आहे असे लिहायला मला आवडले असते. तसे झालेले नाही. भाकरी बहुतेक आईच करते. मोजे मधला स्वतः धुतो, तेही आईच्या मते नीट निघत नाहीत म्हणून ती काही वेळा चोरून पुन्हा धुते. धाकटा पाणी भरतो. रात्री ताटे एकदम वाढून पाचही जण एकत्र बसायचे असा नियम मी करून पाहिला. पहिल्या आठवड्यात आई निम्म्या जेवणातून पाच-पाच वेळा उठे. आता दोनदा उठते.

महाविद्यालयाबद्दल एक शब्द लिहून थांबतो. स्नेहसंमेलनातील पाककला स्पर्धेच्या सूचनेवर यंदाही 'फक्त विद्यार्थिनींसाठी' असे छापले होते. मी सरांना कारण विचारले. विद्यार्थी कोणी नाव देत नाहीत, असे ते म्हणाले. पुढच्या वर्षी मी तिसऱ्या वर्षाला असेन आणि नाव देणार आहे. ज्वारीची भाकरी आणि खरडा. रंगीत तालीम म्हणून गेल्या रविवारी करून पाहिले. आईने बोटाने खरडा चाखला, मीठ कमी आहे म्हणाली, आणि या खेपेला स्वतः उठून घातले नाही. बरणी माझ्याकडे सरकवली.