किनारा कोणाचा? देशी खलाशांसाठी राखलेल्या सागरी वाटांचा इतिहास आणि वाद

१/
१३ जानेवारी २०१६. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील पोर्टलंड बंदर. मध्यरात्र उलटून गेली होती. ‘एमव्ही पोर्टलंड’ या मालवाहू जहाजावर खासगी सुरक्षारक्षकांची तुकडी चढली. झोपलेल्या खलाशांना उठवून धक्क्यावर उतरवण्यात आले, परदेशी खलाशांनी जहाजाचा ताबा घेतला आणि जहाज सिंगापूरच्या दिशेने निघाले.

२/
सुमारे २७ वर्षे हे जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियातील क्विनानाहून अ‍ॅल्युमिना भरून पोर्टलंडच्या कारखान्याला पोहोचवत होते. त्या रात्रीनंतरही अ‍ॅल्युमिना तोच राहिला आणि कारखानाही तोच. बदलला तो जहाजाचा ध्वज आणि बदलली माणसे. २०१२ च्या किनारी वाहतूक कायद्यातील ‘तात्पुरता परवाना’ ही पळवाट वापरून कायमचे काम परदेशी जहाजांकडे सोपवण्यात आले. खलाशांनी दोन महिने जहाज हलू दिले नव्हते. जहाज न्यावे, हा औद्योगिक न्यायाधिकरणाचा आदेशही त्यांनी मानला नव्हता. हे लपवण्याचे कारण नाही. एकाच देशाच्या दोन बंदरांमधील काम त्या देशाच्या कायद्याखाली आणि त्या देशाच्या माणसांकडून व्हावे, ही त्यांची मागणी होती.

३/
या तत्त्वाला ‘कॅबोटाज’ म्हणतात. आज त्याची गणना जुनाट संरक्षणवादात होते. समुद्र सर्वांचा, स्पर्धा मुक्त असावी, स्वस्त वाहतुकीत ग्राहकाचे हित, ही वचने इतक्या वेळा उच्चारली गेली आहेत की त्यांचा इतिहास तपासण्याची गरजच कोणाला वाटत नाही. तो तपासला की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. मुक्त सागराचा उपदेश सहसा त्यांनीच केला, ज्यांनी आधी समुद्र बंद ठेवून आपली जहाजे मोठी केली होती.

४/
नागपूरहून मुंबईला संत्री आणणारा ट्रक घ्या. त्याचा चालक परदेशातून आणावा, त्याला त्या देशाच्या दराने वेतन द्यावे, येथील कामगार कायदे त्याला लागू नसावेत आणि ट्रकची नोंदणी पनामात असावी, असे कोणी सुचवले तर लोक हसतील. तोच माल मुंबईहून कोचीला समुद्रमार्गे निघाला की हीच सूचना ‘आर्थिक सुधारणा’ ठरते. खलाशी जे मागतात ती सवलत नव्हे. जमिनीवर ज्याला कोणी आक्षेप घेत नाही, तोच कायदा पाण्यावर पोहोचावा, एवढेच ते मागतात.

५/
आता इतिहास. इंग्लंडने १६५१ मध्ये पहिला मोठा नौकानयन कायदा केला. त्याचा रोख डच जहाजांवर होता. १६६० च्या कायद्याने इंग्लिश जहाजाचा कप्तान आणि किमान तीन-चतुर्थांश खलाशी इंग्लिश असावेत, असे बंधन घातले. ही व्यवस्था दोन शतकांच्या आसपास टिकली. १८४९ मध्ये ते कायदे रद्द झाले आणि १८५४ मध्ये ब्रिटनचा किनाराही सर्वांना खुला झाला. तोवर ब्रिटनचे व्यापारी नौवहन जगात अव्वल झाले होते. शर्यत जिंकल्यानंतर कुंपण काढणे हे औदार्य खरे, पण फार स्वस्तातले.

६/
त्या कुंपणाच्या आत कोणाला घेतले, हे अधिक बोलके आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रदेशात जन्मलेला हिंदी खलाशी, म्हणजे ‘लस्कर’, राजाचा प्रजाजन होता. तरीही १८२३ च्या कायद्याने स्पष्ट केले की ‘ब्रिटिश खलाशी’ म्हणून त्याची गणना होणार नाही. तो कर देताना प्रजा होता आणि जहाजावर नोकरीचा हक्क सांगताना परका होता.

७/
हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर मात्र मुक्त स्पर्धा! ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या पाठीशी सरकारी टपालाचे कंत्राट होते. १९०६ मध्ये तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ ही जहाजे आणली. ब्रिटिश कंपनीने भाडे उतरवले, मग आणखी उतरवले. शेवटी प्रवास फुकट आणि वर एक छत्री भेट, इथपर्यंत मजल गेल्याचे सांगितले जाते. १९०८ मध्ये पिल्लै राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले आणि कंपनी बुडाली. स्पर्धक उरला नाही की छत्र्यांचे वाटप थांबते, हे वेगळे सांगायला नको.

८/
कोकणपट्टीला हा अनुभव परका नव्हता. स्वदेशी भांडवलावर उभ्या राहिलेल्या आगबोट कंपनीला लोकांनी ‘माझी आगबोट कंपनी’ असे नाव दिले, यातच बंदराबंदरावरची भावना दिसते. कंपनीला ‘माझी’ म्हणण्याची वेळ समाजावर तेव्हाच येते, जेव्हा दारासमोरचे पाणीही परक्याच्या मालकीचे वाटू लागते.

९/
५ एप्रिल १९१९ रोजी ‘एसएस लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीचे हे जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेले होते. आजचा राष्ट्रीय सागरी दिन हा याच सफरीचा. पाठोपाठ भाडेयुद्ध आलेच. लॉर्ड इंचकेप यांच्या कंपन्यांशी १९२३ मध्ये तह झाला तेव्हा सिंदियाला आपल्या टनभारावर मर्यादा मान्य करावी लागली. वालचंदांना हा तह जिव्हारी लागला, पण बुडण्यापेक्षा तो बरा होता. ‘खुल्या’ बाजारात एक स्पर्धक दुसऱ्याने किती वाढावे हे ठरवत होता.

१०/
त्याच सुमारास नेमलेल्या व्यापारी नौवहन समितीने १९२४ मध्ये दोन गोष्टी सुचवल्या: किनारी वाहतूक टप्प्याटप्प्याने देशी जहाजांसाठी राखावी आणि हिंदी अधिकारी घडवण्यासाठी प्रशिक्षण नौका असावी. दुसरी सूचना अमलात आली. १९२७ मध्ये मुंबईत ‘डफरीन’ सुरू झाली. पहिली बासनात गेली. सारंग आणि तांडेल पिढ्यान्‌पिढ्या हिंदी होते, डेकवर रत्नागिरीचे, जेवणघरात गोव्याचे, पण ब्रिजवर उभा राहणारा अधिकारी गोरा. आता ‘डफरीन’चा तरुण शिकून तयार झाला, आणि त्याला अधिकारी म्हणून घेणारी जहाजे मोजकीच. प्रशिक्षण दिले आणि काम राखले नाही, तर शिकलेला माणूस धक्क्यावरच उभा राहतो. आजही धोरणकर्त्यांना हे उमगलेले दिसत नाही.

११/
१९२८ मध्ये एस. एन. हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किनारी वाहतूक राखून ठेवण्याचे विधेयक मांडले. ‘हा भेदभाव आहे’, असा ओरडा झाला. ज्यांच्या मायदेशाने दोनशे वर्षे हाच भेदभाव केला, त्यांच्या तोंडी तो शब्द शोभत नव्हता. विधेयक तडीस गेले नाही. १९३१ मध्ये गांधीजींनी ‘यंग इंडिया’त राक्षस आणि बुटका यांच्यातील ‘समानते’वर लिहिले. असमानांना समान हक्क दिले की राक्षसाचेच फावते, हा त्या लेखाचा आशय. तरीही १९३५ च्या कायद्यात ब्रिटिश जहाजांविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई करणारी कलमे घालण्यात आली. १९४७ मध्ये सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या उपसमितीने शंभर टक्के किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी मागितली. ती धोरण म्हणून स्वातंत्र्यानंतरच आली आणि १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात परवान्याच्या अटीने पक्की झाली.

१२/
इथे राष्ट्रवादी अभिमानाने थांबता येईल. तसे थांबणे अप्रामाणिक ठरेल, कारण या कायद्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या खलाशांचा इतिहास निर्मळ नाही. १८७८ मध्ये ऑस्ट्रेलियात खलाशांचा मोठा संप झाला तो चिनी खलाशांना कामावर घेण्याविरुद्ध. कंपनी त्यांना कमी वेतनावर राबवत होती हे खरे, पण घोषणा वेतनाविरुद्ध कमी आणि वर्णाविरुद्ध अधिक होत्या. अमेरिकेत अँड्र्यू फ्युरुसेथ या खलाशी नेत्याच्या प्रयत्नांतून १९१५ चा कायदा झाला. जहाज सोडून जाणाऱ्या खलाशाला तुरुंगात टाकण्याची पद्धत त्याने संपवली. त्याच कायद्यात अधिकाऱ्यांची भाषा समजण्याची अट होती आणि तिचा एक हेतू आशियाई खलाशांना दूर ठेवणे हा होता.

१३/
ब्रिटनचा १९२५ चा आदेश तर थेट नावापासूनच उघडा होता: ‘कलर्ड एलियन सीमेन’. नागरिकत्वाचा कागदी पुरावा नसलेल्या कृष्णवर्णीय आणि आशियाई खलाशांना पोलिसांकडे परके म्हणून नोंद करावी लागे. त्यांतले कित्येक प्रत्यक्षात ब्रिटिश प्रजाजन होते. गोऱ्या खलाशांच्या संघटनेला हे हवेच होते. लस्कराचे वेतन गोऱ्याच्या वेतनाचा लहानसा हिस्सा होते. त्या संघटनेने ते वाढवण्यासाठी लढण्याऐवजी त्या माणसालाच हाकलण्याचा सोपा मार्ग धरला. देशी खलाशांच्या कायद्याचे समर्थन करताना हा वारसा आधी नाकारावा लागतो. राखीव असावी ती कायद्याची कक्षा. कातडीचा रंग त्यात येता कामा नये.

१४/
कक्षा गेली की काय होते, हे किनारा सर्वांना खुला करून बसलेल्या ब्रिटननेच दाखवले. १७ मार्च २०२२ रोजी ‘पी अँड ओ फेरीज’ने सुमारे ८०० खलाशांना एका चित्रफितीतून नोकरी गेल्याचे कळवले. जागी आलेल्या कंत्राटी खलाशांचे सरासरी वेतन ताशी साडेपाच पौंड, असे कंपनीच्या प्रमुखाने संसदीय समितीपुढे सांगितले. तेव्हा देशाचे किमान वेतन ८.९१ पौंड होते. संघटनांशी सल्लामसलत न करणे बेकायदा होते, हेही त्याने कबूल केले.

१५/
त्या साक्षीतील एक तपशील महत्त्वाचा. स्कॉटलंड ते उत्तर आयर्लंड हा देशांतर्गत मार्ग या दरातून वगळलेला होता, कारण तिथे किमान वेतनाचा कायदा लागू होता. कायदा जिथवर पोहोचला, तिथवर वेतन टिकले. पण जुन्या खलाशांच्या नोकऱ्या तिथेही टिकल्या नाहीत. वेतनाचा कायदा पुरेसा आहे, राखीवतेची गरज काय, असे विचारणाऱ्यांना उत्तर इथेच मिळते. (पी अँड ओ हे नाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. इंचकेप यांची ब्रिटिश इंडिया १९१४ मध्ये ज्या कंपनीत विलीन झाली, तिच्याच नावाचा हा वारसा. मालक मात्र आता दुबईचे.)

१६/
विरोधकांचे सर्वांत आवडते उदाहरण अमेरिकेचा १९२० चा ‘जोन्स कायदा’. हवाई आणि प्वेर्तो रिको या बेटांना तो महाग पडतो, हा आरोप निराधार नाही. पण हा कायदा चार अटी एकत्र बांधतो: जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकी मालकीचे, अमेरिकी ध्वजाचे आणि बहुतांश अमेरिकी खलाशांचे. तिथे बांधलेले जहाज आशियाई गोदीतल्या जहाजाच्या कित्येक पट महाग असते. अमेरिकी खलाशीही स्वस्त नाही, हे मान्य. तरी गोदीच्या अटीचा सगळा भार खलाशाच्या माथी मारणे हा हिशेबातला लबाडपणा आहे. आणि खलाशी संघटना गोदीवाल्यांच्या हातात हात घालून चारही अटी एकदम पवित्र मानतात, तेव्हा त्या स्वतःचीच बाजू कमकुवत करतात.

१७/
भारतीय वाचकाच्या मनात एक शंका येईल. आपले खलाशी जगभरच्या जहाजांवर काम करतात, मग इतर देशांनी असे कायदे करणे आपल्याला तोट्याचे नाही का? नाही. हे कायदे एका देशाच्या दोन बंदरांमधील वाहतुकीपुरते असतात. रॉटरडॅम ते सिंगापूर ही वाट त्यांनी बंद होत नाही. पोर्टलंडच्या खलाशाला उठवून त्याच्या जागी निम्म्या वेतनावर आशियाई माणूस उभा करणे यात आशियाई माणसाचा सन्मान नाही. लस्कराला ज्या हिशेबाने भरती करत, तोच हा हिशेब. उद्या त्याच्यापेक्षा स्वस्त कोणी सापडला की धक्क्यावर उतरण्याची पाळी त्याची.

१८/
मे २०१८ मध्ये भारताने आपल्या किनाऱ्याची अट सैल केली. आयात-निर्यातीचे भरलेले कंटेनर आणि रिकामे कंटेनर परदेशी जहाजांनी भारतीय बंदरांमध्ये परवान्याविना न्यावेत, अशी मुभा मिळाली. कोलंबोत होणारी माल-बदली भारतीय बंदरांत यावी हा हेतू समजण्यासारखा आहे आणि तो माल तसा देशांतर्गत म्हणता येत नाही. दुसरीकडे, परदेशी ध्वजाच्या जहाजावर अर्ध्या वर्षाहून अधिक काळ देशाबाहेर राहणाऱ्या भारतीय खलाशाचे वेतन सहसा करमुक्त असते आणि भारतीय किनाऱ्यावरच राबणाऱ्याला कर भरावा लागतो. आपल्याच किनाऱ्यावर काम करण्याची ही शिक्षा. राखीवतेला महागडी म्हणणारे या विषमतेबद्दल क्वचितच बोलतात.

१९/
२०२५ च्या किनारी नौवहन कायद्याने १९५८ च्या कायद्यातील या प्रकरणाची जागा घेतली. परदेशी जहाजाला परवाना लागतोच. तो देताना नौवहन महासंचालकांनी जे घटक विचारात घ्यायचे, त्यांत खलाशांचे नागरिकत्वही आहे. पण विचारात घ्यायचा घटक आणि पाळायची अट यांत अंतर असते. पोर्टलंडचे जहाज ज्या परवान्याने गेले, तोही रीतसर विचार करूनच दिलेला होता.