नोबेल उपवासाला मिळालेले नाही

रमजान जवळ आला किंवा एकादशी तोंडावर आली, की मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास फिरू लागतो : उपवासाने कर्करोग बरा होतो, हे सिद्ध करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले. बहारीनमधील सलमानिया परिसरातील वाचकांनी तरी तो पुढे धाडण्यापूर्वी थांबावे. तेथील सरकारी वैद्यकीय संकुलात सिकलसेलचे रुग्ण नित्याचे आहेत, आणि शरीरातील पाणी घटले की या रुग्णांना असह्य वेदनांचे झटके येऊ शकतात.

योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते ऑटोफॅजीची यंत्रणा उलगडल्याबद्दल. पेशी स्वतःचेच जीर्ण भाग आवरणात गुंडाळते, पचवते आणि त्यातील घटक पुन्हा वापरते. या क्रियेचे नामकरण क्रिस्तियन द दूव यांनी १९६३ मध्येच केले होते. परंतु ती कोणत्या जनुकांच्या आधारे चालते, हे ठाऊक नव्हते. ओसुमींनी पचनाची विकरे नसलेले यीस्ट उपाशी ठेवले. न पचलेली पुटिका साचत गेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागली. पुढे १९९३ मध्ये त्यांनी हजारो उत्परिवर्तित वाण तपासून १५ आवश्यक जनुके हुडकली. संदेशातील ‘उपवास’ आला तो या उपाशी यीस्टमधून! माणसाने किती तास उपाशी राहिल्यास कोणत्या अवयवात ही क्रिया किती वाढते, याचे खात्रीलायक मोजमाप आजही अवघड आहे.

शिवाय ती वाढणे सदैव हितकारकच असते, असे नाही. अर्बुदाच्या प्रारंभी ऑटोफॅजी पेशीचे रक्षण करते. मात्र वाढलेले अर्बुद उपासमारीत तग धरण्यासाठी तिचाच आधार घेते. म्हणूनच कर्करोगावरील काही चाचण्यांत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देऊन ती रोखण्याचा प्रयत्न झाला. पार्किन्सनच्या काही आनुवंशिक प्रकारांत याउलट घडते. तेथे बिघडलेल्या मायटोकाँड्रियांची विल्हेवाट लावणारी व्यवस्थाच अधू असते. मूलभूत प्रश्न अद्याप इतके मोकळे आहेत, की पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत भूपेंद्र श्रावगे यांचा गट फळमाशीमध्ये ऑटोफॅजीचा अभ्यास करीत आहे.

सिकलसेलचाही या विषयाशी संबंध आहे, पण संदेशात म्हटले आहे तसा नव्हे. परिपक्व होताना तांबडी रक्तपेशी आपले मायटोकाँड्रिया याच मार्गाने काढून टाकते. सिकलसेलच्या रुग्णांत काही पेशींमध्ये ते शिल्लक राहिल्याचे संशोधकांना आढळले आहे. ही निरीक्षणे प्रयोगशाळेतील आहेत. त्यांवरून उपवासाचा सल्ला निघत नाही.

विदर्भातून किंवा नंदुरबारहून आखातात आलेल्या ज्या कुटुंबांत हा आजार आहे, त्यांच्या उपयोगाच्या गोष्टी निराळ्या आहेत. बहारीनने २००४ च्या कायद्याने विवाहपूर्व तपासणी सक्तीची केली. भारताने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. त्याच वर्षी डिसेंबरात बहारीनने ‘कॅसजेव्ही’ या जनुक-संपादन उपचारास मान्यता दिली. उपवास करायचाच असेल, तर सिकलसेलच्या रुग्णाने आणि इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याने आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.